उंबऱ्यावरची साखरमाळ

चिमणाबाईनं धाकट्या जावेच्या दारात करणी टाकली, ही बातमी पाडव्याच्या चार दिवस आधी सकाळी सहाला तानाबाईच्या तोंडून निघाली. सव्वासहाला ती दूधवाल्याच्या किटलीबरोबर गल्लीच्या टोकाला पोहोचली, सातला पंचगंगेवर पोहायला गेलेल्या मंडळींबरोबर बुडी मारून आली आणि साडेसातला परत फिरली, तोवर तिच्यात लिंबू, टाचण्या, काळी बाहुली आणि कोंबडीची दोन पिसं जमा झाली होती. तानाबाईनं स्वतः बघितलं होतं ते एवढंच, की झुंजूमुंजू होताना चिमणाबाई डोक्यावरून पदर घेऊन घरातून निघाली, आठ पावलांची गल्ली ओलांडली, समोरच्या झुंबरबाईच्या उंबऱ्यावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं आणि आल्या पावली परत गेली. बाकीचं सामान गल्लीनं पुरवलं. असल्या कामात आमची गल्ली कधी हात आखडत नाही.

शेवटी धीर केला तो तानाबाईनंच. लांब उभं राहून तिनं छत्रीच्या टोकानं पुडी उलगडली. आत साखरमाळ निघाली. पाडव्याला गुढीवर बांधतात, लहान पोरांच्या गळ्यात घालतात ती. पांढरीशुभ्र, मधोमध तळहाताएवढं पदक, आणि एव्हाना तिला मुंग्या लागायला सुरुवात झालेली.

"साखर हाय की गं नुसती," तानाबाई म्हणाली, आणि आवाजात जरा निराशाच होती. मुंग्या लागतील अशी करणी कोण कशाला करील?

तेव्हा करणी नव्हती, हे ठरलं. पण जे होतं ते तरी बरं होतं का, यावर गल्लीत दोन तट पडले. कारण झुंबरबाईचा नवरा विजयसिंह मार्गशीर्षात गेला होता. ज्या घरात वर्षात माणूस गेलं, त्या घरी पाडव्याला गुढी उभी राहत नाही आणि गोडाची कढई चुलीवर चढत नाही. भावकीतल्या थोरल्या बाईनं त्या घरात यायचं, पाटावर समोर बसायचं आणि आपल्या हातानं गोडाचा पहिला घास भरवायचा. मग त्या घरचं गोड सुटतं. ती आली नाही, तर ते घर पुढच्या पाडव्यापर्यंत तसंच. या भावकीत थोरली म्हणावी अशी बाई एकच उरली होती, ती चिमणाबाई. म्हणजे माळ घेऊन जायचा हक्क तिचाच. पण हातानं भरवायचं गोड उंबऱ्यावर टाकून पळायचं, ही कुठली रीत? उंबऱ्यावर ठेवतात ते कुत्र्यामांजराला.

झुंबरबाईलाही तेच वाटलं असावं. आठाच्या सुमारास ती दार उघडून बाहेर आली. तिनं माळ बघितली, मग समोरचं बंद दार बघितलं. आत जाऊन केरसुणी आणली आणि माळ कागदासकट, मुंग्यांसकट गटारीच्या कडेला लोटून दिली. खिडकीच्या गजाआडून चिमणाबाई बघत होती आणि ती बघतेय हे झुंबरबाईला ठाऊक होतं. नऊ वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. पण आठ पावलांवर नऊ वर्षं काढली की कोण कुठून बघतंय हे पाठीलासुद्धा कळतं.

चिमणाबाई चौसष्ट वर्षांची. देवानं अंग लहान दिलं, आवाज मोठा दिला आणि जिभेच्या बाबतीत मापच विसरला. महाशिवरात्र झाली की तिच्या पुढच्या खोलीतला पलंग भिंतीला उभा होतो आणि शेगडी पेटते. तिथून पाडव्यापर्यंत ती खोली साखरमाळांची. सागवानी साचे रात्रभर पाण्यात भिजत टाकायचे, नाहीतर साखर लाकडाला धरून बसते. सकाळी साच्यात दोरा ताणायचा, दोन फळ्या आवळायच्या. पाक उकळू लागला की त्यात पळीभर दूध सोडायचं. मळी वर येते ती काढून टाकायची. पाक झाला की नाही हे बाकीचे लोक थेंब टाकून बघतात. चिमणाबाई कढईकडे पाठ करून नुसत्या आवाजावरून सांगते. "आता गप झाली बघ," म्हणते आणि उतरवते. आजवर ती चुकलेली कुणी बघितली नाही.

एकदा मलकापूरकडच्या एका गिऱ्हाइकानं माळ उजेडात धरून, "जरा पिवळी दिसती की ओ," म्हटलं. चिमणाबाईनं माळ हातातून काढून घेतली. "पावणं, साखर न्यायला आलाय का सून बघायला?" तो मनुष्य दोन डझन माळा घेऊन गेला आणि दरवर्षी येतो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ती गल्लीतल्या घराघरांत स्वतः जाऊन एकेक माळ देते. कुणाला वगळत नाही, तानाबाईलासुद्धा. फक्त समोरचं एक घर नऊ वर्षांपूर्वी तिच्या फेरीतून गळालं.

तिचा नवरा बाळासो एसटीच्या वर्कशॉपात होता. जेवून उठला, चूळ भरली आणि तिथंच खाली बसला, तो गेलाच. संध्याकाळी बाहेर मयताची गाडी येऊन उभी राहिली. बायकांनी चिमणाबाईला मधोमध बसवलं. बांगड्या फोडायच्या त्या जावेनं, अशी चाल. झुंबरबाईनं वरवंटा घेतला. चिमणाबाई म्हणाली, "थांब जरा." तिला अडवायचं नव्हतं. आदल्या चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर बाळासोनं शेजारी उभं राहून त्या बांगड्या भरून घेतल्या होत्या. तिला तो हात एकदा बघायचा होता. मागून कुणीतरी म्हणालं, आटपा, गाडी ताटकळली. आणि वरवंटा पडला. काचेचं टोक मनगटात शिरलं. त्याची पांढरी रेघ अजून दिसते. काचेची जखम आठवड्यात भरली. थांब म्हटल्यावर जाऊ थांबली नाही, हे मात्र नऊ वर्षं ओलं राहिलं.

गल्लीला भांडणाचं कारण ठाऊक नव्हतं. गल्लीनं आपल्या सोयीनं नळाचं पाणी, सामाईक भिंत आणि एक पितळी घंगाळ अशी तीन कारणं तयार ठेवली होती.

मग यंदाचा मार्गशीर्ष आला आणि विजयसिंह गेला. आता मधोमध बसायची पाळी झुंबरबाईची. मधल्या काळात जिल्ह्यातल्या गावागावांनी ही चाल बंद करायचे ठराव केले होते, पेपरात फोटो आले होते. आमच्या पेठेत ते पेपर वाचून झाले आणि त्यात भजी बांधली गेली. दोन बायका चिमणाबाईला बोलवायला आल्या. "चला, तुमचाच मान हाय."

चिमणाबाईनं आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून खाली बसली. तिचा हिशेब साधा होता. हिची जाऊ मी एकटीच. मी गेलेच नाही, तर त्या हाताला हात कोण लावणार? बांगड्या राहतील हातात. दार वाजलं, ती उठली नाही. पुन्हा वाजलं, उठली नाही. थोड्या वेळानं तिसऱ्यांदा वाजलं, जरा हळू. तेव्हाही ती बसून राहिली. नंतर बंद दारातून, आठ पावलांवरून, काच फुटल्याचा आवाज आला. बिद्रीहून आलेल्या एका मावशीनं वरवंटा मागून घेतला होता. जाऊ नसली तर चाल थांबते, हा चिमणाबाईचा समज. चालीला कुणीही चालतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीचा निकाल लागला, चिमणाबाईनं सूड घेतला. दिराच्या मयताला पाऊल घातलं नाही. चिमणाबाईनं हे ऐकलं आणि खोडून काढलं नाही. माझ्या हातानं ते पाप नको म्हणून गेले नाही, असं सांगता आलं असतं. सांगायला सोपं होतं, ऐकायला बरं वाटलं असतं, आणि अर्धं खरंही होतं. पण उरलेलं अर्धं तिला झोपू देईना. जाऊन उभं राहता आलं असतं. हिच्या हाताला कुणी हात लावायचा नाही, असं म्हणता आलं असतं. भल्याभल्या गिऱ्हाइकांना दारातून परतवणारं तोंड, त्याला नेमकी त्याच दिवशी कडी लागली होती.

तीन महिने ती हे मनात घोळवत होती. समोरच्या घरात नात होती, अवनी, सात महिन्यांची. तिचा हा पहिला पाडवा. गल्लीतलं प्रत्येक तान्हं मूल पहिल्या पाडव्याला चिमणाबाईची माळ घालून मिरवलं होतं, आणि तिच्या स्वतःच्या दिराची नात तेवढी बिनमाळेची राहणार होती. तेसुद्धा एक वेळ चाललं असतं. पण ते अख्खं घर वर्षभर कडू राहणार होतं, आणि ते तिच्याशिवाय कुणाला सोडवता येणार नव्हतं. जायला तर पाहिजे, आणि तोंड दाखवायचा धीर नाही. म्हणून ती पहाटे गेली, पुडी ठेवली आणि पळाली. चौसष्टाव्या वर्षी बाई चोरासारखी आठ पावलं धावली, ते नेमकं तानाबाईनं बघितलं.

केरसुणी फिरली त्याच दुपारी झुंबरबाईची सून पूर्णिमा लेकीला कडेवर घेऊन चिमणाबाईच्या दारात उभी राहिली. नऊ वर्षांत त्या घरातून या घरात कुणी पाऊल टाकलं नव्हतं. सासूला ती आत्ती म्हणायची आणि सासूच्या या थोरल्या जावेला मोठ्या आत्ती.

"मोठ्या आत्ती, आमी मांजर पाळलंय असं कुणी सांगितलं तुमाला?"

चिमणाबाई पाक ढवळत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणाचं मांजर?"

"उंबऱ्यावर ठेवून आलासा की गोड."

"लोटलं न्हवं केरसुणीनं? मिटलं मग."

"मिटलं कुठलं? आत्ती तीन म्हैनं बिनसाखरेचा चा पित्यात. शेजारणींस्नी सांगत्यात, मला शुगर झालीया. डॉक्टरांनी तर काय न्हाई म्हणून लिहून दिलंय."

चिमणाबाईला हसू येणार होतं, ते पोरीकडे बघून आत गेलं. अवनीनं भिंतीवर टांगलेल्या माळांकडे हात पसरले होते. पूर्णिमानं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मी भांडाय आलो न्हाई, मोठ्या आत्ती. एक सांगायचं राहिलतं. त्या दिशी आत्ती मधी बसलेल्या, त्या बिद्रीच्या मावशी वरवंटा धरून उभ्या. आत्ती सारखं तुमच्या दाराकडं बघत हुत्या."

"शिव्या देत असंल."

"न्हाई. मला वाकवून कानात म्हणाल्या, अक्काला बोलीव. अक्का आली तर ह्या सगळ्यांस्नी गप करंल." पूर्णिमानं लेकीचा माळांकडे पसरलेला हात खाली घेतला. "मी आलतो. दार वाजवलं मी. तुमी उघडलं न्हाईसा."

पूर्णिमा गेली. चिमणाबाई कढईकडे पाठ करून उभी राहिली ती राहिलीच. त्या दिवशी तिच्या घरातून करपलेल्या साखरेचा वास आला, आणि तो सगळ्या गल्लीनं नाकानं वाचला.

पुढचे तीन दिवस तिनं माळा केल्या, दिल्या, गिऱ्हाइकांवर ओरडली. पण ओरडण्यात मजा नव्हती. एका बाईनं माळेला नाव ठेवलं तर चिमणाबाईनं ती मुकाट्यानं बदलून दिली. ती बाई घाबरून तब्येत विचारून गेली. मनात ती वाक्यं जुळवत होती. असं म्हणावं, तसं म्हणावं, आधी हे, मग ते. रात्री पाठ झालेलं सकाळी विसरून जाई.

पाडव्याच्या सकाळी गल्ली बाहेर निघालेली. वेळूच्या काठ्या, कडुलिंबाचे डहाळे, तांब्यांना चिंच लावून घासाघास. समोरासमोर राहणारी माणसं आपापल्या दारात उभी राहून एकमेकांना मोबाईलवर गुढ्या पाठवत होती. असल्या वेळी गल्ली ओलांडायची म्हणजे भर बाजारात उभं राहणं. पहाटे गेली असती तर कुणाला दिसलं नसतं. पण चोरून जाणं एकदा झालं होतं. चिमणाबाईनं धुतलेलं इरकल नेसलं, माळ ताटात घेतली, वर काही झाकलं नाही आणि निघाली. तानाबाईच्या घरची गुढी बांधता बांधता एका बाजूला कलली, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दार झुंबरबाईनंच उघडलं. कपाळ मोकळं, हात मोकळे. चिमणाबाईनं तिला इतक्या जवळून नऊ वर्षांत बघितलं नव्हतं. पाठ केलेलं सगळं त्या क्षणी पुसलं गेलं.

"काय पायजे?" झुंबरबाई म्हणाली.

"पाट पायजे," चिमणाबाई म्हणाली. "गुडघं दुखत्यात. उभ्यानं बोलायचं वय न्हाई ऱ्हायलं."

झुंबरबाई दारातून हलेना. मग एकदाची वळली आणि पाट आणून टाकला, जरा आपटूनच. एक आपल्यासाठीही टाकला. पूर्णिमानं आतून येऊन दार अर्धं ओढून घेतलं. गल्लीला अर्धीच फट उरली.

दोघी समोरासमोर बसल्या.

"त्या दिशी मी घरातच हुतो," चिमणाबाई म्हणाली.

"ठावं हाय."

"दार तीनदा वाजलं. तिसऱ्यांदा तुझी सून हुती, हे मला परवा कळलं."

"तवा कळलं असतं तर उघडलं असतंस?"

हो म्हणणं एका शब्दाचं काम होतं. चिमणाबाईनं ताटाची कड दोन्ही हातांनी धरली.

"म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "भ्यालतो मी, झुंबर. लोकं म्हणत्यात सूड घेतला. सूड घ्याय तरी आलो असतो. मी नुसतं दाराला पाठ लावून बसलतो. मी याय पायजे हुतं."

बाहेर कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, काठी जरा डावीकडं घे. भिंतीवर विजयसिंहाचा फोटो होता, नवा, काच चकचकीत. तिकडे बघत झुंबरबाई म्हणाली,

"मी बी भ्यालतो. तुझ्या टायमाला. मागं आपली सासू उभी हुती म्हातारी. तू थांब म्हणालीस, ते मला चांगलं ऐकू आलं हुतं, अक्का. मी न ऐकल्यागत केलं."

एवढंच. नऊ वर्षांत दोघींनी मनातल्या मनात एकमेकींना जे जे सुनावलं होतं, त्यातलं एकही त्या खोलीत कामाला आलं नाही.

चिमणाबाईनं माळेच्या कडेचा एक तुकडा मोडला आणि हात पुढं केला. झुंबरबाईनं तोंड उघडलं नाही. मान फिरवली नाही, हात झिडकारला नाही, नुसती ओठ मिटून बसून राहिली. घास घेतला की दुखवटा सुटतो, आणि दुखवटा सुटला की माणूस खरंच गेलं, हे कबूल करावं लागतं. हे चिमणाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या वेळी तिला घास भरवायला आलेल्या बाईनं गप्पा मारत मारत तो तोंडात कोंबला होता आणि पुढच्या घरी गेली होती.

"बस तू," चिमणाबाई म्हणाली. "मला काय गाडी गाठायची न्हाई."

हात भरून आला तेव्हा तिनं दुसऱ्या हाताचा टेकू दिला. साखर बोटांना चिकटू लागली. अवनी पूर्णिमाच्या मांडीवरून खाली उतरायला धडपडत होती. पूर्णिमानं तिला धरून ठेवलं. किती वेळ गेला हे आत कुणी बघितलं नाही. बाहेर तानाबाईनं बघितलं, ती म्हणते पाव तास. म्हणजे पाच-सात मिनिटं धरायला हरकत नाही.

मग झुंबरबाईनं तिचं मनगट धरलं आणि तो हात आपल्या तोंडाशी नेला. साखर दाताखाली फुटल्याचा आवाज झाला. ती चावत राहिली, आणि चावता चावता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते तिनं पुसलं नाही. चिमणाबाईनंही पुसलं नाही. ती पुढं सरकली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसली.

पुष्कळ वेळानं पूर्णिमानं तीन कप चहा आणला. साखर घातलेला. झुंबरबाईनं कप उचलला. उरलेली माळ अवनीच्या गळ्यात पडली, आणि ती जरा वेळात हनुवटीपासून बेंबीपर्यंत चिकट झाली. त्या घरी यंदा गुढी उभी राहिली नाही, राहणारही नव्हती. पण दुपारी तिथून पुरण वाटल्याचा वास आला.

चिमणाबाई बाहेर आली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. सगळ्या गुढ्या उभ्या होत्या आणि गुढ्यांखाली सगळी गल्ली उभी होती. कुणाची विचारायची छाती होईना. अखेर तानाबाईच पुढं झाली. आवाजात जमेल तेवढं साखरपाणी घालून म्हणाली, "एवढा येळ काय बोलत हुता गं दोघी? नऊ वर्साचं सगळं बोलून झालं असंल न्हवं?"

चिमणाबाई आपल्या दाराच्या पायरीवर थांबली, वळली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "तानाबाई, नऊ वर्साचं आज एका सकाळीत बोलून संपवलं, तर फुडचं सगळं वर्स काय तुझं तोंड बघत बसू?"